दोनशे चौदा चुका

यमुना शिंगटेच्या हातांना गेली सात वर्षं आवाज होता. शिवणयंत्रावरून मान वर करून तिने हात हलवले, की काउंटरवरचा खूणवाचक ते कॅमेऱ्याने टिपायचा आणि गिऱ्हाइकाला स्वच्छ मराठीत सांगायचा, की बाही अर्धा इंच आखूड करते, गुरुवारी या. यमुनाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. शाळेचं तोंड तिने पाहिलं नव्हतं. अक्षरं शिकली तीही मापवहीपायी. तिच्या खुणा आईने आणि तिने मिळून घरातच घडवलेल्या. त्या एकेक करून तिने या संगणकाच्या गळी उतरवल्या होत्या.

आणि ऐन मोक्याला तो अडखळू लागला. रस्ता रुंद करायला वाघेरीच्या पेठेतली दुकानांची रांग पाडायची होती. परवा नगरपालिकेत सुनावणी होती. ज्याची हरकत नोंदली जाईल त्याचं दुकान तूर्त वाचणार, बाकीची महिन्याभरात जमीनदोस्त होणार.

शेजारच्या गाळ्यात संगणक दुरुस्त करणाऱ्या शबाना मुजावरने यंत्र तपासलं आणि चार दिवस मागितले. आधी सगळ्या खुणांची प्रत काढून ठेवायची, मगच आत हात घालायचा, अशी तिची पद्धत. चार दिवस आणायचे कुठून? इकडे यंत्राच्या पडद्यावर एक फुकट दुरुस्ती-प्रणाली सारखी डोळे मिचकावत होती, पाच मिनिटांत यंत्र ठणठणीत करून देते म्हणून. शबानाने पाठकोऱ्या कागदावर लिहून दिलं, "यमुनाताई, बिघडलेलं कुठलं आणि निराळं कुठलं, हे त्या फुकट्याला कसं कळणार?"

यमुनाने कागद वाचला, घडी करून ठेवला आणि शबाना गेल्यावर बटण दाबलं. पाच मिनिटांनी पडद्यावर उमटलं : दोनशे चौदा चुका सापडल्या, दोनशे चौदा दुरुस्त केल्या. तिला बरंच वाटलं. पडदा स्वतःकडे वळवून तिने माप, अस्तर, काजं, गुरुवार अशा खुणा करून पाहिल्या. अक्षरं झरझर आणि बिनचूक उमटली. 'नाही' मात्र तिने करून पाहिलं नाही. सव्वीस वर्षांच्या धंद्यात गिऱ्हाइकाच्या तोंडावर 'नाही' म्हणायची तिला सवयच नव्हती.

सुनावणीत पडदा नगरपालिकेच्या साहेबांकडे तोंड करून ठेवला होता. यमुनाने सांगितलं, की सव्वीस वर्षं याच जागेवर पोट भरतेय, जागा सोडणार नाही. तळवे छातीपासून झटकून तिने ते 'नाही' तीनदा सांगितलं. साहेबांचा चेहरा निवळला, कारकून भराभर लिहू लागला. कुणीतरी आपलं ऐकून घेतलं, असं यमुनाला वाटलं. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतली शबाना ताडकन उठली.

"साहेब, बाई नाही म्हणतायत."

साहेब मान वर न करता म्हणाले, "यंत्र प्रमाणित आहे. जबाब नोंदला गेलाय."

शबानाने पडदाच यमुनाकडे फिरवला. त्यावर लिहिलं होतं : माझी हरकत नाही. जागा सोडते. आभारी आहे.

काय झालं ते यमुनाला क्षणात उमगलं. त्या प्रणालीने तिची एकेक खूण प्रमाण खुणांच्या यादीशी ताडून पाहिली होती. जुळली नाही ती मोडकी ठरवली आणि तिच्या जागी दिसायला जवळची दुसरी बसवली. तिच्या आईचा नकार यादीतल्या कुणाच्या तरी होकारासारखा दिसत होता, एवढंच.

तिला संताप आला. तापलेल्या तव्यापासून मागे खेचताना आईने शिकवलेली पहिली खूण, ती म्हणे चूक! कुणी विचारलं होतं का तिला? आणि ही डोळे असलेली माणसं? ती त्यांच्यापासून तीन हातांवर उभी होती, सगळा नकार चेहऱ्यावर घेऊन, आणि एकानेही तिच्याकडे पाहिलं नव्हतं. बटण आपणच दाबलं, याचाही तिला तितकाच राग आला.

तिने खूणवाचक बंद केला. साहेबांच्या टेबलाशी जाऊन, त्यांच्या डोळ्यांत बघत तिने मान जोरात हलवली आणि तळवे झटकले. मग पुन्हा एकदा. रांगत्या पोराला कळलं असतं.

साहेबांनी काळ्या पडद्याकडे पाहिलं, मग कारकुनाकडे.

"आता या काय म्हणतायत," त्यांनी विचारलं, "ते कोण सांगणार?"