एक्केचाळीस थर

नमुना मेलेला असायला हवा होता.

डॉ. मृदुला खांबेटे यांनी काचपट्टी पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. भेंडशीच्या सिनेगॉगच्या दर्शनी भिंतीवरून सोमवारी खरवडून आणलेला नखाएवढा तुकडा. त्यातले जीवाणू जिवंत होते, आणि चांगले पोसलेले होते.

"सदानंद, इकडे ये जरा."

सदानंद पेडणेकर पदार्थशास्त्रज्ञ. भिंतीवरचा तो जीवाणूंचा लेप, रंगभक्षी कवच, दोघांनी मिळून घडवला होता. त्याने पाहिलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"नमुने बदललेत. हा आपल्या टाकीतला असणार."

"पिशवीवर सही माझी आहे."

"मग तू यांना काहीतरी खाऊ घातलंस."

"हो, माझा डबा दिला! नीट बोल. एकेक तपासू. हे खातात काय?"

"तैलरंगातली राळ. दुसरं काही पचत नाही. धूळ नाही, शेवाळ नाही."

"उपाशी किती तगतात?"

"नव्वद दिवस. तशी अटच होती परवान्यात. नाहीतर गावभरच्या दारांचा रंग खात सुटले असते."

"आणि त्या भिंतीवर शेवटचं लिहिलं गेलं तीन वर्षांपूर्वी. लेप लावायच्या आधी."

सदानंदने पुन्हा भिंगाला डोळा लावला.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी त्या भिंतीवर हातभर उंचीच्या अक्षरांत यहुद्यांना गाव सोडायला सांगितलेलं होतं. लिहिणारा गट तोवर चौथ्यांदा नाव बदलून वावरत होता. नाव नवं, मजकूर तोच. पुढे गटावर बंदी आली, काही जण पकडले गेले. भेंडशीत बेने इस्राएलींची, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांची, अकरा घरं. त्यांनी आपली सेफेर तोरा, चामड्यावर हाताने लिहिलेली धर्मग्रंथाची गुंडाळी, ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये सुरक्षित ठेवायला दिली. ती या रविवारी परत यायची होती. ठाण्याच्या विश्वस्तांची अट एकच होती: तीन वर्षं भिंतीला कुणी हात लावलेला नाही, असं प्रयोगशाळेचं पत्र.

"दर जेवणानंतर ते चुन्याचा एक पापुद्रा टाकतात," सदानंद हळूच म्हणाला. "झाडाच्या वलयांसारखा. सगळा लेप म्हणजे एकच शरीर. कोपऱ्यात घास पडला तरी पापुद्रा भिंतभर धरतो. मोजलेस?"

"एक्केचाळीस."

"म्हणजे एक्केचाळीस वेळा कुणीतरी लिहिलं. सात तासांत ते खाल्लं गेलं. आणि सकाळी सगळ्यांनी स्वच्छ भिंत पाहिली."

"पत्र मी सही करून ठेवलं होतं," मृदुला म्हणाली. तिने ते टेबलावरून उचललं आणि मधोमध फाडलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भेंडशीला पोचली. विश्वस्त अबिगेल झिराडकर फाटकाशीच उभ्या होत्या. फाटकावर फलक होता: रविवारी सेफेर घरी येत आहे, सर्वांनी यावे.

"पत्र आणलंत ना? ठाण्याहून दोनदा फोन आला. माझ्या सुनेने मलिद्याच्या नैवेद्यासाठी पोहेसुद्धा निवडून ठेवलेत."

मृदुलाने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. अबिगेलबाई पायरीवर बसल्या.

"एक्केचाळीस," त्या म्हणाल्या. "आणि आम्ही म्हणत होतो, संपलं सगळं."

आतून हन्नोख मापगावकर आले. सिनेगॉगची झाडलोट, दिवाबत्ती, किल्ल्या, सगळं गेली तीस वर्षं त्यांच्याकडे. त्यांनी ऐकलं, घसा खाकरला आणि एकदम अपराधी चेहरा केला.

"ताई, जेवण म्हणजे केवढं लागतं त्यांना?"

"एक थेंबही पुरतो. का?"

"मग ते मी घातलंय." त्यांनी दाराच्या चौकटीखालचा भिंतीचा कोपरा दाखवला. "दर नव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी, प्रार्थना झाली की होडीच्या निळ्या रंगाचा एक ठिपका लावायचो. संध्याकाळपर्यंत गेला, की बरं वाटायचं. पहारेकरी जागा आहे म्हणून."

"हन्नोखकाका!" अबिगेलबाई ओरडल्या. "देवाच्या भिंतीला रंग फासत होतात? आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर लावू दिला असतास?"

अबिगेलबाई हसू लागल्या. डोळे पुसत हसत राहिल्या. मृदुलालाही हसू आलं. हन्नोखकाकांनी ठिपके लावले नसते, तर लेप पहिल्या नव्वद दिवसांतच संपला असता.

"तीन वर्षं," ती म्हणाली. "म्हणजे छत्तीस महिने. छत्तीस ठिपके."

"सदतीस," हन्नोखकाकांनी सुधारलं. "मध्ये आमचा अधिक महिना आला. तुमचा येतो तसाच."

अबिगेलबाईंचं हसणं थांबलं. वजाबाकी त्यांनीही केली होती.

"चार उरतात," त्या म्हणाल्या. "काका, एखाद्या वेळी दोनदा लावला असेल तुम्ही."

"नाही गं. एक महिना, एक ठिपका."

"हे तपासता येईल," मृदुला म्हणाली. "निळ्या रंगात तांबं असतं. अन्नाबरोबर ते पापुद्र्यात उतरतं." तिने सदानंदला फोन लावला, आवाज मोठा ठेवला. तिघं पायरीवर बसून राहिली. वीस मिनिटांनी त्याचा फोन आला.

"सदतीस थरांत तांबं. चार थरांत तांबं नाही, लोह आहे. लाल ऑक्साइडचा रंग असावा."

"ते चार कुठे कुठे आहेत?"

"तीन विखुरलेले. चौथा सगळ्यात वरचा."

मृदुलाने हन्नोखकाकांकडे पाहिलं. "शेवटचा ठिपका कधी लावलात?"

"मागच्या मंगळवारी."

"आणि तुम्ही नमुना नेलात सोमवारी," अबिगेलबाई म्हणाल्या. त्यांची नजर फाटकाकडे गेली. "फलक मी त्या मंगळवारच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी लावला."

मृदुलाने फोन बंद केला.

"पुसलं जातं हे त्यांना कळत नसेल का?" हन्नोखकाकांनी विचारलं.

"कळत असेल," मृदुला म्हणाली. "लिहायचं, फोटो काढायचा, आपापसांत पाठवायचा. फोटो हे जीवाणू खात नाहीत. पुसलं गेलं ते फक्त तुमच्यासाठी, काका. तुमच्यासाठी आणि पोलिसांसाठी."

"आणि आळीसाठी," अबिगेलबाई म्हणाल्या. "पहिल्यांदा लिहिलं तेव्हा समोरची तांडेलांची माणसं बादल्या घेऊन आली होती. शाळेचे मास्तर आले होते. या चार वेळा कुणीच आलं नाही. येणार कसे?"

"हा लेप मारून टाकायचा असेल तर?" हन्नोखकाकांनी विचारलं.

"ओला चुना. एका दिवसात सगळे मरतील. मग कुणी काही लिहिलं, तर ते राहील."

"राहू दे की. दिसेल तरी."

अबिगेलबाईंनी ठाण्याला फोन लावला. "पत्र येतंय, पण भिंतीवर चार वेळा लिहिलं गेलं, असं त्यात असेल. हो, चार. शेवटचं गेल्या आठवड्यातलं. तुमची अट मोडली, मान्य आहे. आता तुम्ही ठरवा. पण एक सांगते. इथे कुणी येत नाही असं समजून आम्ही तुमच्याकडे सेफेर मागितली होती. आता येतात हे माहीत असून मागतोय."

पलीकडे कुणीतरी दुसऱ्या कुणाशी बोलत होतं. शब्द कळत नव्हते. हन्नोखकाका उठून चुन्यासाठी पिंप शोधायला मागे गेले. अबिगेलबाई फोन कानाला लावून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मग रविवारी किती वाजता निघाल?"