खुर्चीचा भुगा

हुकूम: गिव्ह मी अ राइस.
हाती आलं: भाताचं एक शीत. मोठ्या ताटात, मधोमध. वर कोथिंबीर.

हुकूम: गिव्ह मी चेअर.
हाती आलं: घमेलंभर भुगा.

पहिला हुकूम नऊ वर्षांच्या शाल्मलीचा. दुसरा चंद्रावरच्या वसाहतीचे प्रमुख धारवाडकरकाका यांचा, आणि भुगा झाला तो त्यांच्याच खुर्चीचा. ते उभ्यानेच गरजले, "हा ठोंब्या संध्याकाळच्या यानाने पृथ्वीवर परत! जेवणं होईपर्यंत राहू दे, बस!"

ठोंब्या म्हणजे स्वयंपाकघरातला नवा यंत्रमानव (रोबॉट). त्याला फक्त इंग्रजी कळे. पण अख्ख्या वसाहतीत शाल्मलीशी कॅरम खेळणारा तोच, आणि हरला तरी न रुसणाराही तोच.

ती धावत मुक्तामावशीकडे गेली. मावशी पदार्थवैज्ञानिक (वस्तू कशाच्या बनतात ते शोधणारी) होती. म्हणजे दिवसभर दगड फोडायची.

"मावशी, तो बिघडलाय!"

"तो नाही गं, हुकूम बिघडलेत. सांग, खुर्ची मधोमध कापली, तर दोन खुर्च्या होतील?"

"छे! भंगार होईल."

"आणि भाताचा ढीग अर्धा केला तर?"

"तरी भातच."

"पाव केला तर?"

"भातच! मावशी, भूक लागली."

"थांब जरा. तोडल्यावर जिचं नाव टिकत नाही, ती वस्तू एकेक करून मोजता येते. तिचं नाम गणनीय (मोजता येण्याजोगं). तोडूनही नाव टिकतं ते अगणनीय. भात, पाणी, वाळू. आता इंग्रजीत नामाआधी चिमुकली उपपदं लागतात. 'अ' म्हणजे 'कुठलंही एक'. पुढे स्वराचा उच्चार आला की 'अन'. अन एग."

"मी 'अ राइस' म्हणाले..."

"मग बिचाऱ्याने एक शीत शोधलं. अगणनीयाला 'अ' लावत नाहीत."

"आणि काकांनी 'अ' लावलाच नाही, म्हणून त्याला वाटलं, खुर्चीसुद्धा भातासारखी ढिगाने हवीय!"

"शाबास."

"मग भात मागायचा तरी कसा?" शाल्मली विचारात पडली. मग उडालीच. "वाटी! वाटी मोजता येते!"

"अगदी. राहता राहिला 'द'. तो 'तीच ती' वस्तू दाखवतो, बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला ठाऊक असलेली. मोजता येवो वा न येवो."

हुकूम: गिव्ह मी अ बोल ऑफ राइस.
हाती आलं: वाटीभर वाफाळता भात. वर वरण, तूप.

धारवाडकरकाका उभ्यानेच जेवले. "पुरे, पुरे," म्हणाले आणि वाटी पुढे केली. तीनदा. पण बोललेला शब्द कसा फिरवायचा? ढेकर देऊन ते ठोंब्याला म्हणाले, "पुट अ रोबॉट इन द बॉक्स."

शाल्मली ठोंब्याकडे धावली.

ठोंब्या थबकला. 'द बॉक्स' म्हणजे त्याला परत पाठवायला दारात आणून ठेवलेला तो खोका. आणि 'अ रोबॉट'? कुठलाही एक. त्याने कोपऱ्यात धूळ खात पडलेला, बंद पडलेला झाडूवाला यंत्रमानव उचलला, खोक्यात घातला आणि वरून सुतळीची गाठही मारली.

"अरे, तुझ्याबद्दल बोलत होतो मी!"

"मग 'द' म्हणायचं होतंत, काका," शाल्मली म्हणाली.

काकांनी खोक्याकडे पाहिलं. मग रिकाम्या वाटीकडे. यानाचा भोंगा वाजला.

"जाऊ दे तो खोका. त्याची दुरुस्ती करायचीच होती." आणि घसा खाकरून, फार जपून ते म्हणाले, "गिव्ह मी... अ... चेअर."

हाती आलं: खुर्ची. एक. अख्खी.

ठोंब्याने कॅरम मांडला.

"उद्यापासून तुला मराठी," शाल्मली सोंगट्या लावत म्हणाली. "पहिला धडा: 'पुरे' म्हणजे अजून एक वाटी."