एकशे साडेनऊ अंश

खोक्यातला पहिला लाकडी गोळा हातात घेतला आणि रसायनशास्त्राच्या बाईंना धक्काच बसला. कार्बनचे अणू म्हणून वापरायचे चाळीस गोळे, काड्या खोचायला प्रत्येकाला चार छिद्रं... आणि सगळी चुकीच्या कोनात! परवा तर तास. बाई तशाच तणतणत सुताराच्या कारखान्यात शिरल्या.

लेथवर वाकलेल्या सुताराने मान वर केली. पापण्यांवर भुसा, आणि डोळे असे की बाई क्षणभर ओरडायचंच विसरल्या.

"ही छिद्रं काटकोनात का पाडलीत?"

"कार्बनची तीन पी ऑर्बिटलं, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या जागा, काटकोनातच असतात ना? एस तर गोल, त्याला दिशाच नाही. म्हणून चौथं उरलेल्या जागी पाडलं."

"हे... तुम्हाला कसं माहीत?"

"एक वर्ष कॉलेजात होतो. मग बाबांची नजर गेली, लेथ धरला."

"मग पुढचं राहिलंच तुमचं," बाईंचा आवाज आपोआप मऊ झाला. "बंध जोडताना एस आणि तिन्ही पी मिसळतात, त्यालाच संकरण म्हणतात. त्यांची चार सारखी ऑर्बिटलं होतात, एकमेकांपासून होता होईल तेवढी लांब. एकशे साडेनऊ अंशांवर."

"अर्ध्या अंशाने कोणाचं काय बिघडतं?"

"माझं बिघडतं!"

तो खळखळून हसला. दोन दिवसांत गोळे दुरुस्त झाले.

मग बाई एथिलीनचे गोळे करून घ्यायला गेल्या, मग ॲसिटिलीनचे. काम दहा मिनिटांचं, गप्पा तासभर. बाई आल्या की तो लेथच बंद करायचा. शेवटी गोळे संपले... आणि जायला निमित्तही. महिना सुना गेला.

नव्या सत्राच्या पहिल्या तासाला बाई फळ्यावर 'संकरण' लिहून वळल्या, आणि खडू हातातून निसटला. शेवटच्या बाकावर तो!

तास संपताच त्यांनी त्याला गाठलं. "तुम्ही... इथे?"

"राहिलेलं शिक्षण पुरं करतोय. लेथ आता बहीण बघते."

"अहो, तुम्ही माझे विद्यार्थी झालात तर मी तुमच्याशी लग्न कसं करू!"

बाईंचा हात तोंडावर गेला.

"लग्न?" त्याचे कान लालबुंद. "मी अजून... चहाचं विचारायचा धीर गोळा करतोय. नाव काढून घेऊ का कॉलेजातून?"

"खबरदार!"

बाई तडक प्राचार्यांकडे गेल्या. "मॅडम, हा वर्ग दुसऱ्या कोणाला तरी द्या."

"का? विद्यार्थी त्रास देतात?"

"एकजण. त्याच्याशी लग्न करायचंय."

प्राचार्यांनी चष्माच काढला. "आणि तो तयार आहे?"

"ते... विचारायचं राहिलंच."

"हो," मागोमाग धावत आलेला तो दारातून धापा टाकत म्हणाला. "तयार आहे!"