मागच्या दारचा फायरमन

माझ्या लेकीच्या, तेजस्वीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आम्ही गेलो होतो. एवढंच काम. २००१ सालचा जानेवारी. बाबा तेव्हा बहात्तर वर्षांचे होते, आणि आमंत्रणाच्या यादीतलं शेवटचं नाव त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं : काशी गंगाराम, उक्षीच्या पुढची वाडी.

"ही कोण?" मी विचारलं.

"माझ्या फायरमनची बायको. पत्रिका पोस्टाने नको, पद्मा. मला स्वतः जायचंय."

बाबा वाफेच्या इंजिनाचे ड्रायव्हर; फायरमन म्हणजे त्यांच्या भट्टीत कोळसा टाकणारा. कोकणात रेल्वे आली तीच मुळी त्याच्या तीन वर्षं आधी, आणि तीही डिझेलवर. त्यांची सगळी नोकरी वर घाटावर गेली. निवृत्त होऊन रत्नागिरीला आले तरी झोपेत कधीकधी दचकून उठायचे आणि विचारायचे, "पाणी किती आहे?" आई तांब्या पुढे करायची. ते घ्यायचे नाहीत.

एसटी उशिरा सुटली. फाट्यावर उतरलो तेव्हा ऊन डोंगराआड चाललं होतं. वाडीकडे जाणारी पायवाट काजूच्या झाडांमधून चढत होती. निम्म्यात बाबांना दम लागला. ते वाटेकडेच्या दगडी गडग्यावर बसले आणि माझ्याकडे न बघता बोलू लागले.

"बॉयलरमधलं पाणी एका काचेच्या नळीत दिसतं. त्या दिवशी गंगाराम मला म्हणाला होता, डायवरसाहेब, काचेत पाणी दिसत नाय. मी म्हटलं, चढ संपू दे. गाडी आधीच लेट होती." बाबा थांबले. "चढ संपलाच नाही. आत काहीतरी फुटलं आणि भट्टीच्या दारातून वाफ आली. मी माझ्या बाजूने उडी टाकली. तो बॉयलरमध्ये पाणी सोडायचं चाक फिरवत होता... तिथेच राहिला."

"आणि चौकशीत?"

"सांगितलं, फायरमनने मला काही सांगितलंच नाही."

तीस-बत्तीस वर्षं आमच्या घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी त्यांचा हात धरला. मग पुढची वाट चढलो.

काशी ओटीवर पावटे सोलत बसली होती. किडकिडीत, पांढऱ्या केसांची. ओळख सांगायची वेळच आली नाही.

"आलात," ती म्हणाली. "बसा."

पत्रिका माझ्या पिशवीतच राहिली. बाबांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. चूक माझी होती, नाव त्याचं घेतलं, हेही सांगितलं. काशीचे हात थांबले नाहीत. शेंगा सोलून झाल्यावर ती म्हणाली, "मला ठाऊक हाय."

"कोणी सांगितलं?"

"ह्यांनीच." तिने आभाळाकडे पाहिलं. "थांबा वाईच. त्यांची वेळ झालीच."

ती आम्हाला घरात घेऊन गेली. मागच्या खोलीत दिवा लावला. मागचं दार बंद होतं. बाहेर रातकिडे ओरडत होते, आणि मग एकाएकी ते गप्प झाले.

आधी वास आला. आमच्याकडे लाकडाचा धूर असतो, पातेऱ्याचा, वाळक्या पानांचा असतो. हा तो नव्हता. हा दगडी कोळशाचा होता, तापलेल्या तेलाचा, ओल्या लोखंडाचा. लहानपणी बाबा ड्युटीवरून आले की त्यांच्या कपड्यांना यायचा तो. मग जड बुटांची पावलं आली. सावकाश, एक पाय ओढत. ती दारापाशी थांबली.

"काशी..." घसा कोरडा पडलेल्या माणसाचा आवाज. "डायवरसाहेब उतरले का?"

मी दोन पावलं मागे सरकले. काशी मात्र शांत होती. बाबांच्या कानाशी ती हळूच बोलली, "पहिल्या रात्री काय घडलं ते सांगितलं, त्यानंतर इतकी वर्षं हेच विचारतात. दुसरं काय नाय. मी काय सांगणार? तुम्ही उडी टाकलीत ती मी थोडीच बघितली होती... तुम्हीच सांगा आता."

बाबा भिंतीचा आधार घेत दारापर्यंत गेले. दोन्ही तळवे त्यांनी फळीवर टेकले.

"उतरलो रे, गंगाराम. मी उतरलो. तू सांगितलं होतंस मला... मीच ऐकलं नाही."

पलीकडे कुणीतरी मोठा श्वास सोडला. खूप दिवस छातीत धरून ठेवलेला.

"बरं झालं," आवाज म्हणाला.

मला वाटलं, संपलं. पावलं मात्र हलली नाहीत. मग, लहान मुलाने विचारावं तसं, बाहेरून आलं,

"...आणि मी? मी उतरलो का?"

बाबांचे ओठ हलले. तेवढ्यात काशीने झेप घेऊन त्यांच्या तोंडावर हात दाबला. परपुरुषाच्या सावलीलाही उभी राहणार नाही अशी वाटणारी ती बाई. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"नका सांगू," ती कुजबुजली. "तुमच्या पाया पडते. कळलं तर उद्यापासून येतील का ते?"

बाबा खाली बसले. त्याआधी मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्याच वर्षी पाऊस लागायच्या आत बाबा गेले, झोपेतच. काशी मात्र त्यानंतर पाच वर्षं जगली.

ती गेल्याचं मला काही महिन्यांनी कळलं, तेव्हा मी वाडीवर गेले. तिच्या पुतण्याने, विनोदने, घराला कुलूप लावलं होतं आणि तो मुंबईला परतला होता. शेजारचे रावजी अंगणात भेटले. दुपारचेच चार वाजले होते, पण वाडीतली सगळी मागची दारं लावलेली दिसली.

"काशी होती तोवर तिच्याच दारी यायचा," रावजी म्हणाले. "आता घर बंद. मग सांज झाली की दुसऱ्यांच्या दारावर थाप पडते. एकच विचारतो... कोण काय सांगणार? आम्ही पोरांना पोटाशी घेऊन बसतो झालं."

उत्तर मला ठाऊक होतं. सांज होईपर्यंत थांबून ते सांगायचं माझं धाडस झालं नाही. रावजींनी मला पायवाटेने खाली सोडलं.

"दर महिन्याला एक घर पुढे सरकतो, बाय," ते वाटेत म्हणाले. "आता फाट्यापर्यंत दोनच घरं राहिली."

फाट्यावरून डांबरी रस्ता सरळ रत्नागिरीला, आमच्या घराकडे येतो. हे मार्गशीर्षातलं. त्याला आता तीन महिने होऊन गेले.