सतरा मीटर पाणी

मी मोजलेल्या पाण्यात कुणी परका माणूस होडीतून शिसं बांधलेली दोरी सोडतोय, हे पाहून माझं डोकंच फिरलं.

"अहो, काय चाललंय?"

"खोली मोजतोय."

"ती मी मोजलीये, यंत्राने! सतरा मीटर."

"दोरीही सतराच म्हणतेय..." त्याने वर पाहिलं आणि हसला मेला! "मी इथला नवा पायलट. मोठी जहाजं मीच आत आणणार. तुमचा आकडा चुकला, तर अडकणार मी."

"आणि बरोबर निघाला तर?"

"तर चहा माझ्याकडून."

मग चहा रोजचाच झाला. तरी रोज सकाळी स्वारी दोरी घेऊन हजर! मला राग यायचा... आणि एखाद्या दिवशी दिसला नाही, तर जास्त यायचा.

आमच्या बंदरात गाळ इतका, की मोठं जहाज कधी आलंच नाही. बाबांच्या कारखान्यातल्या फरश्या छोट्या बोटीने शेजारच्या देशात जायच्या, तिथे महिनाभर मोठ्या जहाजाची वाट बघत पडायच्या. तीन वर्षं गाळ उपसला, तेव्हा कुठे पहिलं मोठं जहाज यायला तयार झालं. ते तळाला घासलं असतं, तर पुन्हा कुणी इकडे फिरकलं नसतं. आणि आकडा माझा होता.

जहाज येणार त्या सकाळी त्याने दोरी माझ्या हातात ठेवली.

"आज मोजणार नाही?"

"तुम्ही मोजलंय ना? बस्स."

तो जहाज आणायला गेला. मी वायरलेसला कान लावून बसले.

"वळणावर आलोय," त्याचा आवाज आला. मी हातातली दोरी पुन्हा पुन्हा गुंडाळत राहिले, आणि मग... "वळण पार! खाली दोन मीटर मोकळे!"

धक्क्यावर एकच जल्लोष झाला. जहाज धक्क्याला लागलं, क्रेन वळली. जहाजावर पहिली पेटी चढली, ती बाबांच्या फरश्यांची! बाबा डोळे पुसत क्रेनवाल्यालाच मिठी मारत होते.

शिडी उतरून तो थेट माझ्यापाशी आला.

"विश्वास होता, तर रोज दोरी कशाला?" मी विचारलं.

"विश्वास दुसऱ्याच दिवशी बसला होता. पण तुम्हाला भेटायला निमित्त नको?"

"दोरी आता परत मिळणार नाही."

"मग सरळच विचारतो... लग्न कराल माझ्याशी?"

मी "हो" म्हटलं, ते क्रेनखाली उभ्या बाबांनाही ऐकू गेलं.