दोन्ही बाह्या डाव्या

मुलांनो, जरा डोळे मिटा. कपाळ तव्यासारखं तापलंय, घशात काटे टोचताहेत, आणि समोर कोटाचं कापड पसरलंय... हातात मोठी कात्री. काय कराल? घरी जाल ना? शहाणे आहात. मी गेले नव्हते.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते. एका शिंप्याच्या दुकानात कोट शिवायचे. चार वर्षांत एकही रजा नाही, याचा मला कोण तोरा! मास्तर म्हणाले, "पोरी, घरी जा. हा कोट मी बघतो." मी म्हटलं, "साधी सर्दी आहे हो."

दुपारी ज्याचा कोट होता, तो घालून बघायला आला. नकाशे काढायचा तो. बोटांवर शाईचे डाग. सोबत सात वर्षांची पुतणी. तिला सगळे भिंगरी म्हणत.

मी कोट त्याच्या अंगावर चढवला. त्याने आरशात पाहिलं, उजवा हात जरा हलवला...

"एक विचारू? माझे दोन्ही हात डावे आहेत का?"

खरंच की! दोन्ही बाह्या मी डाव्याच बेतल्या होत्या. मला रडू आलं, त्याला हसू.

"काका, कोट बरोबर आहे," भिंगरी म्हणाली, "तूच चुकलायस."

"तुम्हाला ताप आहे," तो हळूच म्हणाला.

"छे — इस्त्रीजवळ बसल्यामुळे..." आणि मी त्या दोघांच्या मधोमध सणसणीत शिंकले.

"इस्त्री शिंकते वाटतं तुमची!" मग तो गंभीर झाला. "सोमवारी मुलाखत आहे, दूरच्या शहरात. तीन वर्षं त्या जागेची वाट बघतोय. तोवर होईल ना?"

"होईल," मी म्हटलं, आणि त्याच संध्याकाळी अंथरूण धरलं.

बाही मास्तरांनी बदलली. पण कोट न्यायला कुणी आलंच नाही. मंगळवारी ताप उतरला, तशी मीच तो घेऊन त्याच्या घरी गेले. दार त्यानेच उघडलं. गळ्यात मफलर, नाक लालबुंद. आत खाटेवर भिंगरी.

"मुलाखत...?"

"काल होती. आम्ही दोघंही तापाने फणफणलो होतो."

"माझ्यामुळे."

"हो," तो म्हणाला. खोटी समजूत काढली नाही त्याने. बहुधा तेव्हाच तो मला आवडला. "पुन्हा असं करू नका. बरं नसलं की रजा घ्यायची."

"घेईन."

"घेता की नाही, हे बघणार कोण?"

"मास्तर आहेत..."

"त्यांचं तुम्ही कुठे ऐकता?" तो थांबला. "मी आता इथेच आहे. मी लक्ष ठेवलं तर... म्हणजे, जन्मभर... चालेल?"

मुलांनो, ती जागा त्याला पुढे कधीच मिळाली नाही. शेवट गोड झाला म्हणून चूक काही बरोबर ठरत नाही. पण त्या क्षणी मी हातातला कोट उलगडून पुन्हा घडी घालत होते. तो उगाच मफलरची टोकं पिळत उभा. आणि खाटेवरून भिंगरी आमच्याकडे टुकुटुकु बघत होती.

आम्ही दोघं एकदमच तिच्याकडे वळलो, तशी तिने चादर डोक्यावरून ओढली, भिंतीकडे तोंड केलं आणि मोठमोठ्याने घोरायला लागली.