शेव्हरोलेचा क्लच

मुलांनो, गोष्ट मी सांगतो, पण तिच्यातले निम्मे तुम्हीच डोळ्यांसमोर आणायचे. आधी एक पत्र्याची शेड आणा. हर्सूलच्या तळ्याकडून ओला वारा येतो, शेडमध्ये शिरतो आणि कडब्याचा वास घेऊन बाहेर पडतो. आत एक मोटार उभी आहे. काळी, रुंद, म्हशीसारख्या पाठीची. टपावर कोंबड्या बसल्या आहेत, चारही टायर हवा जाऊन जमिनीला चिकटले आहेत. आता त्या मोटारीत, स्टिअरिंगच्या मागे, एक चोवीस वर्षांची मुलगी बसवा. हात स्टिअरिंगवर, नजर समोरच्या भिंतीवर. मोटार कुठेच चाललेली नाही. ती रोज अशीच येऊन बसते.

दिसली ना? मग पुढे जाऊ.

तिचे नाव द्वारका. वडील तात्यासाहेब, हर्सूलचे बागाईतदार. पोलीस अॅक्शननंतर एक जहागीरदार औरंगाबाद सोडून हैदराबादला गेले, तेव्हा त्यांची ही शेव्हरोले तात्यासाहेबांनी घेतली. स्वतः मात्र ते चालवायला शिकले नाहीत. शिकली द्वारका. मोसंबीच्या पाट्या मागच्या सीटवर रचून ती मोटार शहागंजच्या मंडईत न्यायची, तेव्हा दुकानदार तराजू हातात तसाच धरून बघत राहायचे.

मग तिला ताप आला. घाटीच्या दवाखान्यात ती बरेच दिवस होती. ताप गेला, पण जाताना डाव्या पायातला जीव घेऊन गेला. पाय जागच्या जागी होता. फक्त ऐकत नव्हता. तिचे लग्न ठरलेले होते. मुलाकडची मंडळी भेटायला आली, चहा प्याली आणि तिच्या पायाकडे कोणी बघितले नाही. इतक्या काळजीने बघितले नाही, की काय होणार ते घरात सगळ्यांना कळले.

त्यानंतर मोटार शेडमध्ये गेली आणि सहा वर्षे तिथेच राहिली. द्वारका कुबडी घेऊन चालायला शिकली. लोक तिच्याशी हळू आवाजात बोलायला शिकले.

भाद्रपदातल्या एका दुपारी भुरभुर पाऊस होता. शेडच्या दारात एक उंच माणूस वाकून आत आला आणि त्याने मोटारीच्या खिडकीतून डोके आत घातले.

"आजारी म्हैस इथंच बांधलीय का?"

द्वारकेने मान वळवली नाही. "म्हैस पलीकडच्या गोठ्यात आहे. इथं आजारी मी."

त्याने डोके आणखी आत घालून तिच्याकडे नीट बघितले. मग म्हणाला, "बरं… मंग म्हैस बघून येतो अन् तुमा दोघींला बघतो."

"दोघी कोण?"

"तुमी अन् ही." त्याने बॉनेटवर थाप मारली, वरची कोंबडी ओरडत उडाली. "किती दिस उठली नाय ही?"

"सहा वर्षं."

"चारापाणी?"

"पेट्रोल पिते ती."

"मंग उपाशी ठिवल्यावर कोण उठंल?"

आता द्वारकेने मान वळवली. पावसाने भिजलेले केस, रुंद चेहरा, आणि डोळ्यांत कीव अजिबात नाही. हीच गोष्ट तिला विचित्र वाटली.

हा मल्हारी. धनगराचा मुलगा, मेंढ्यांमागे हिंडत शिकलेला, आणि आता गुरांच्या सरकारी दवाखान्यात नव्याने आलेला. गावात सगळे त्याला डॉक्टर म्हणत.

म्हैस चार दिवसांत बरी झाली. तरीही डॉक्टर पुढच्या रविवारी आले.

"म्हैस बरी आहे," द्वारका म्हणाली.

"मायतीय मला. मी हिच्यासाठी आलोय." त्याने बॉनेटकडे बोट केले, पण बघत तिच्याकडे होता.

रविवारमागून रविवार गेले. ती सांगायची, तो करायचा. सीटच्या काथ्यात उंदरांनी घर केले होते, ते निघाले. टाकीतले जुने पेट्रोल गुळाच्या पाकासारखे घट्ट झाले होते, ते काढले, टायरांत नव्या ट्यूब घालून हवा भरली. या कामात तिसरी एक होती — द्वारकेच्या थोरल्या भावाची मुलगी, मंजुळा. वय आठ. तिला प्रश्न विचारण्याचा आजार होता, आणि त्यावर घाटीतही औषध नव्हते.

"डॉक्टर, ही पिचकारी कशाला?"

मल्हारीच्या हातात जनावरांना टोचायची मोठी सिरिंज होती. तिच्यात पेट्रोल भरून तो थेंब थेंब कार्ब्युरेटरमध्ये सोडत होता.

"अशक्त पेशंटला एकदम पाजायचं नसतं, मंजे."

"सकाळी कुणाला टोचली होती ती?" द्वारकेने विचारले.

"सावंगीच्या एका बैलाला."

"धुतली का?"

"त्यानंच सांगितलं, पुढची पेशंट मोठ्या घरची हाय, धुऊन ने."

द्वारका हसली. हसल्यावर तिला स्वतःचाच आवाज अनोळखी वाटला, आणि तिने घाईने पदर सावरला.

अखेर एका रविवारी मल्हारीने पुढे उभे राहून हँडल मारले. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. मोटार खोकली… थांबली… आणि मग तिने असा काही आवाज केला की कोंबड्या थेट विहिरीपर्यंत पळाल्या. शेड धुराने भरली. मंजुळा नाचायला लागली. तात्यासाहेब ओसरीवर आले, मोटारीकडे बघितले, मुलीकडे बघितले, आणि आत गेले.

द्वारकेने दोन्ही हातांनी आपला डावा पाय उचलला, झोपलेल्या मुलाला उचलतात तसा, आणि डावीकडच्या, क्लचच्या पेडलवर ठेवला. पाय घसरून खाली पडला. तिने पुन्हा ठेवला. तो पुन्हा पडला.

तिने इंजिन बंद केले.

"झालं," ती म्हणाली. "कोंबड्यांना परत बोलवा."

इथे मला क्षणभर थांबून क्लच समजावून सांगितला पाहिजे. मोटारीत इंजिन फिरते आणि चाके फिरतात. दोघांनी एकमेकांचा हात धरलेला असतो. क्लच दाबला की हात सुटतो. हळूहळू सोडला की पुन्हा धरला जातो. पण घाई केली, एकदम सोडला, तर मोटार एक आचका देते आणि मरते. त्यामुळे क्लचवर ताकदवान पाय असून भागत नाही. समजूतदार पाय लागतो. तोच द्वारकेकडे नव्हता.

मल्हारीने हँडल खाली ठेवले. तो वळसा घालून गेला, डावीकडचे दार उघडले आणि तिच्या शेजारी बसला. जुन्या शेव्हरोलेची पुढची सीट बाकासारखी सलग असते आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली असतो; मध्ये काही अडत नाही. त्याने चप्पल काढली, उजवा पाय लांब केला आणि क्लचवर ठेवला.

"मला काय बी येत नाय चालवता," तो म्हणाला. "तुमी म्हणाल तवा दाबीन, म्हणाल तवा सोडीन."

द्वारका बराच वेळ त्या पायाकडे बघत राहिली.

"दाबा," ती हळूच म्हणाली.

पहिल्या दिवशी मोटार शेडच्या दारापर्यंत आली आणि मेली. "हळू सोडा म्हटलं होतं." — "हळूच सोडला." — "ह्याला हळू म्हणता? म्हैस लाथ मारते तसा सोडलात." — "म्हशीची सवय हाय ओ मला… बायांची नाय." दुसऱ्या खेपेला मोटार फाटकापर्यंत गेली. त्याच्या पुढच्या खेपेला तिला 'सोडा' म्हणावेच लागले नाही. ती श्वास घ्यायची, आणि तेवढ्याने त्याला कळायचे. रस्त्याने जाताना त्याचा गुडघा तिच्या साडीला लागायचा. दोघेही समोर बघायचे. मागे मंजुळा कुठल्या झाडावर किती घरटी आहेत ते सांगत असायची आणि कोणी ऐकत नसायचे.

एका संध्याकाळी ते तळ्यावर गेले. पाण्यावर वारा होता. इंजिन बंद केल्यावर एकदम फार शांत झाले.

"बदलीचा हुकूम आलाय," मल्हारी म्हणाला. "फर्दापूरला, लेण्यांपाशी. सोमवारी निघायचं."

"अस्सं." तिने काचेवरची धूळ बोटाने पुसली. धूळ बाहेरच्या बाजूने होती.

"तुमी येता का?"

"लेणी बघायला?"

"ऱ्हायला."

वाऱ्याने पाणी काठावर आले आणि मागे गेले.

"मंजी मागं बसलीय," ती म्हणाली.

"बसू द्या. साक्षीला कोणतरी लागंलच."

ती हसली… आणि मग ते हसू चेहऱ्यावरून निघून गेले. तुम्ही संध्याकाळी अंगणातले ऊन जाताना बघितले असेल, तसे.

"माझ्या पायाचं काय, डॉक्टर?"

"माझा हाय की."

"तेच तर. आज हौसेनं देताय. दहा वर्षांनी मी 'दाबा' म्हणेन, आणि तुम्ही दाबाल, पण आधी एक सुस्कारा सोडाल. तो ऐकायला मी येणार नाही."

"मी नाय सोडणार."

"सगळे सोडतात. तात्यासुद्धा. ते चांगले आहेत, म्हणून आत जाऊन सोडतात."

"लई दिस एकटीनं बसून लई पुढचं बघून ठिवलंय तुमी," मल्हारी म्हणाला. "मला एवढंच ठावं हाय, मला चालवता येत नाय. हितवर तुमीच आणलं मला."

"क्लच दाबा," ती म्हणाली. "घरी जाऊ."

त्याने दाबला. सावकाश सोडला. त्या दिवशी घरी येईपर्यंत मोटारीने एकही आचका दिला नाही.

नंतर तो आला नाही. मुलांनो, दुःख आले की घर पडत नाही, भांडी वाजायची थांबत नाहीत. म्हणून बाहेरच्याला ते दिसत नाही. द्वारका जेवत होती, विचारले तर उत्तर देत होती. पण कुबडी भिंतीला टेकवून ती एकदा बसली की उठायचे विसरून जात होती. तापात सुद्धा तिला असे वाटले नव्हते. तापात निदान बरे व्हायचे होते.

रविवारी रात्री जेवताना तात्यासाहेब ताटाकडे बघत म्हणाले, "मोटार काढून टाकू का, द्वारका? दिसली की तुला त्रास होतो."

"टाका काढून."

ते आणखी काहीतरी बोलणार होते. मग उठून आत गेले.

सोमवारी सकाळी शहराकडून लाल एसटी आली. फर्दापूरवरून जळगावला जाणारा रस्ता त्यांच्या फाटकासमोरूनच जातो. द्वारका शेडमध्ये मोटारीत बसली होती. तिथून तिने एसटीचा आवाज ऐकला. चढावर गिअर बदलल्याचा, मग दूर दूर जाण्याचा. खिडकीत कोण होते ते तिने बघितले नाही. तिला माहीत होते. तिने कपाळ स्टिअरिंगवर टेकले. आता या शेडमध्ये आपण म्हाताऱ्या होऊ, असे तिला अगदी स्पष्ट दिसले, आणि त्याचे वाईटही वाटेना. इतके ते ठरून गेल्यासारखे होते.

मंजुळा दाराशी आली.

"आत्या, डॉक्टर गेले?"

"गेले."

"एसटीनं?"

"हो."

"एसटी फुलंब्रीला थांबते. ड्रायव्हर भजी खातो. मी आजोबांबरोबर गेले होते ना, तेव्हा आमचं सगळं खाऊन झालं तरी तो खातच होता."

"खाऊ दे."

"मग तू जा ना तिथं. मोटार नुसत्या बटणावर चालू होते की आता."

"मंजे, खेळ जा."

"पण का नाही जात?"

द्वारकेने डोके वर केले नाही. "क्लच कोण दाबणार?"

आम्ही मोठी माणसे असे प्रश्न विचारतो ते बोलणे संपवायला. त्यांना उत्तर नसते, असे आम्हाला वाटते. आठ वर्षांच्या मुलीला हे कोणी शिकवलेले नव्हते. तिला प्रश्न विचारला गेला होता, आणि तिने त्यावर विचार केला.

तिने वळसा घातला, डावीकडचे दार दोन्ही हातांनी ओढून उघडले आणि सीटवर चढली. पाय लांब केला. पोचला नाही. आणखी घसरली, तरी पोचला नाही. मग ती सीटवरून खाली, पेडलांपाशी उतरली आणि धुळीत गुडघ्यांवर बसली. तिथून तिला रस्ता दिसत नव्हता, फाटक दिसत नव्हते; समोर फक्त आत्याचे दोन पाय होते. तिने दोन्ही तळहात क्लचवर ठेवले, कोपरे ताठ केले, आणि सगळे अंग त्यावर टाकून तो पार तळापर्यंत दाबला.

"दाबलाय," ती खालून म्हणाली. "सोडायचा कधी, ते तू सांग."